प्रमिलाचं लहानपण ज्यांनी ज्यांनी वापरलं

प्रमिलावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, घटस्थापनेच्या आदल्या सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता. जागा नाशिकमधला एक मानसोपचाराचा दवाखाना, तपासणीची आतली खोली. प्रमिला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. गाव सुरगाण्याच्या पलीकडचा एक पाडा. तिनं डॉक्टरांना आपल्या लहानपणची एक गोष्ट सांगितली. ती खरी होती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ही झाली. आता दुसरी सांग. ही मला पाठ आहे."

तिला औषध मिळालं नाही. हे सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण दिवाळी अंकातला लेख लोक फराळाची बशी हातात घेऊन वाचतात आणि मधेच कोणीतरी आलं की उठतात. उठायचं असेल तर एवढं तरी वाचून उठा.

संपादकांनी कामातले अनुभव लिहा म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "अनुभव रिटायर झालेली माणसं लिहितात. तू अजून लागली तरी कुठं आहेस?" तिच्या लेखी माझं काम हे काम नाही. आम्ही सातआठ जण आहोत. कॉलेजांच्या गेटवर व्यसनांविरुद्धची पत्रकं वाटतो, पथनाट्य करतो, हॉस्टेलांत आणि अभ्यासिकांत जाऊन पोरांशी बोलतो. पत्रक वाटणं हे वाटतं तितकं सोपं नाही. ते छातीसमोर धरलं तर माणूस वळसा घालून जातो. पोटाच्या उंचीवर पुढे केलं तर त्याचा हात आपोआप येतो. देताना एकच वाक्य बोलायचं, जास्त बोललात की त्याला वाटतं तुम्ही क्लास विकताय. आणि गेटवरची गर्दी सरली की पार्किंगमध्ये, गटाराच्या कडेला, टपरीच्या बाकाखाली पडलेली पत्रकं गोळा करायची, झटकायची आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा वाटायची. लाज वाटून चालत नाही.

दारू, गांजा, गुटखा ही व्यसनं दिसतात. वास येतो, डोळे सांगतात, घरी भांडण होतं. मी लिहिते आहे ती गोष्ट दिसत नाही. उलट ती घेणारं पोर जास्त शहाणं दिसतं. ते तासन्‌तास बसतं, मान वर करत नाही, आईबाप शेजाऱ्यांना कौतुकानं सांगतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लक्ष एका जागी न टिकण्याचा एक खरा विकार असतो. तो लहानपणापासून असतो. तो आळस नाही, माज नाही, मोबाइलचा नाद नाही. अशा माणसाला डॉक्टर उत्तेजक जातीची एक गोळी देतात आणि तिनं त्याच्या डोक्यातला गलका खाली बसतो. तीच गोळी धडधाकट पोरानं परीक्षेसाठी घेतली की झोप जाते, भूक जाते, छाती धडधडते आणि आपण सगळ्यांपेक्षा हुशार झालो असं वाटायला लागतं. गोळीवर नियम कडक आहेत. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत मेडिकलवाला ठेवून घेतो. मग पोरांनी सरळ रस्ता काढला. आजारी असल्याचं सोंग करायचं आणि खरी चिठ्ठी मिळवायची. मोठेपणी आलेल्या पेशंटला डॉक्टर विचारतात, लहानपणी तू कसा होतास? आणि ते खरं आहे का, हे आईला नाहीतर वडिलांना विचारतात. म्हणजे सोंगाला दोन गोष्टी लागतात. एक लहानपण, आणि ते आपल्याच पोराचं आहे असं सांगणारा एक बाप.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. श्रावणातल्या एका दुपारी मी आणि अनिकेत एका इंजिनीअरिंग कॉलेजमागच्या पार्किंगच्या शेडजवळ पथनाट्याची जागा बघत होतो. अनिकेत आमच्या नाटकात व्यसनी पोराचं काम करतो. इतकं चांगलं करतो की शालिमारच्या चौकात त्याच्या मावशीनं ते बघितलं आणि रडत त्याच्या घरी फोन केला. शेडमध्ये काही पोरं बाइकवर बसली होती आणि एक जण समोर उभा राहून बोलत होता.

"आईनं मला मीठ आणायला पाठवलं होतं. वाटेत ओढा होता. ओढ्यात खेकडे दिसले. मी बघत बसलो. अंधार पडला तरी मला कळलं नाही." इथं तो थांबला. डाव्या खांद्यावरून मागे बघितलं, कोणीतरी हाक मारल्यासारखं. मग बाइकवरच्या पोरांकडे वळून म्हणाला, "मी काय सांगत होतो?"

बाइकवरचा दुसरा पोरगा उतरला, त्याच्या जागी जाऊन उभा राहिला आणि तेच बोलला. तोच ओढा, तेच मीठ, तीच मान. मग तिसरा.

अनिकेत माझ्या कानात म्हणाला, "यांचं कोणी बसवलंय गं? पॉज बघ. आपल्याकडं एकाला असा पॉज घेता येत नाही." मग मोठ्यानं विचारलं, "कुठल्या एकांकिकेची तालीम आहे रे?"

सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं. एक जण म्हणाला, "एकांकिका नाही. अभ्यास चाललाय."

आणि कोणीही हसलं नाही. मला भीती वाटली ती त्या गोष्टीची. कॉलेजची पोरं, पार्किंगची शेड, असला विनोद, आणि एकाच्याही ओठाचा कोपरा हलला नाही. त्यातल्या एकाला मी ओळखत होते. हर्षल, सटाण्याचा. गेटवर पत्रक घेऊन तिथंच उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचणारा मला भेटलेला एकमेव विद्यार्थी. त्यानं मला बघून नजर खाली घातली.

त्या सोमवारी मी दवाखान्यात होते ती पत्रकं ठेवायला. डॉक्टरांची आमच्या कामाशी ओळख आहे, बाहेरच्या खोलीत त्यांनी आम्हाला एक कप्पा दिला आहे. खोली भरलेली होती, बहुतेक पोरंच. प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. सगळे वेळेच्या आधी आलेले. पंखा फिरत होता, टीव्ही आवाज बंद करून लावलेला. मी कप्प्यात पत्रकं लावत होते आणि एका पोरानं डाव्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे भिंत होती. थोड्या वेळानं दुसऱ्यानं बघितलं. मग खिडकीजवळच्यानं. कोणी बोलावत नव्हतं, डॉक्टरही समोर नव्हते. ही पोरं तालीम करत नव्हती. आपली आपली बसली होती आणि त्यांच्या माना वळत होत्या.

नाटकात आम्ही शिकवतो की प्रेक्षक नसेल तेव्हा भूमिका उतरवून ठेवायची. यांना उतरवता येत नव्हती.

मग दार उघडलं आणि एक मुलगी आत आली. अपॉइंटमेंट शनिवारची होती, ती सोमवारी आली म्हणून रिसेप्शनवरच्या बाई तिला बोलत होत्या. "फाइल कुठंय?" "गाडीत ऱ्हायली." "कुठल्या गाडीत?" "यष्टीत. सुरगाण्याच्या." बाईंनी कपाळाला हात लावला. मुलगी माझ्या समोरच्या बाकावर बसली, ओढणी खाली पडली ती उचलली, मोबाइल काढला, कशाला काढला ते विसरली, परत ठेवला. आणि डाव्या खांद्यावरून मागे बघितलं.

खोलीतली सगळी पोरं तिच्याकडे बघत होती. सुंदर मुलीकडे बघतात तसं नव्हे. मेलेला नातेवाईक दारात उभा दिसावा तसं. त्यांनी तिला आजवर फक्त मोबाइलच्या पडद्यावर बघितलं होतं. हर्षलही होता. त्याची मान खाली, कान लाल.

ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. मी तिच्या मागोमाग जिन्यात गेले, का ते माहीत नाही. ती पायरीवर बसली होती.

"ताई," ती म्हणाली, "त्यांना माझी गोष्ट कशी ठाऊक?"

"कोणती गोष्ट?"

तिनं सांगितली. मीठ, ओढा, खेकडे, अंधार. मी श्रावणात शेडखाली ऐकली होती ती. फक्त हिच्या तोंडून ती वेगळी वाटत होती. हिच्या गोष्टीत खेकडे काळे होते आणि एकाची नांगी तुटलेली होती, आणि आई ओढ्यावर येऊन मागून हाक मारत होती, "प्रमेऽ, ए प्रमे", आणि हिला ती ऐकू येत होती पण कुठून येते ते कळत नव्हतं. "अजूनपण येती," ती म्हणाली. "कामात असले का वाटतं आई मागं उभी हाय."

प्रमिलाचा आजार पहिल्या वर्षाला एका डॉक्टर मॅडमनी ओळखला होता. गोळीनं ती सुधारली, नापास होणारी मुलगी वर्गात वर आली. मग एका इंजिनीअरिंग कॉलेजनं मनाच्या आरोग्याचा सप्ताह केला आणि तिला बोलायला बोलावलं. धीट पोर, बोलली. टाळ्या मिळाल्या, गुलाबाचं रोप मिळालं. कॉलेजच्या सरांनी व्हिडिओ टाकला. अनिकेतनं दोन दिवसांत तो एका हॉस्टेलच्या ग्रुपवर शोधून काढला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, "असंच सांगायचं. आई कुठली ते बदला." त्या मॅडमची पुढे बदली झाली, त्यांचा पत्ता आम्हालाही नंतर लागला नाही, आणि प्रमिलाला नवा डॉक्टर शोधावा लागला. जुने कागद घेऊन येताना ते एसटीच्या रॅकवर राहिले. ज्याला हा विकार आहे तो कागद हरवतो, चुकीच्या दिवशी येतो. सोंगाड्या वेळेवर येतो, फाइल घेऊन येतो. हे कोणाला सांगायचं?

मी डॉक्टरांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात मी, प्रमिला आणि पाड्यावरून आलेली तिची आई, तिघी जाऊन बसलो. आई डॉक्टरांसमोर पदर सावरून उभी राहिली. तिनंही तीच गोष्ट सांगितली. दुसरी कुठली सांगणार?

डॉक्टर म्हणाले, "आयासुद्धा हेच सांगतात, बाई."

"कोणाच्या आया?"

"सगळ्यांच्याच."

"त्या कुठल्या?" आईनं विचारलं. "आमच्या पाड्याच्या?"

डॉक्टरांनी पेन उचललं. मग म्हणाले, "दुसरं काही आठवतं का हिच्या लहानपणचं?"

"एकच पोर हाय, तिचं एकच बारीकपण. दुसरं कुठून आणू, साहेब?"

माय-लेकी बाहेर गेल्यावर मी मोबाइलवर क्लिप दाखवली. डॉक्टरांनी शांतपणे बघितली. डॉक्टर वाईट माणूस नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझ्या मैत्रिणींना वाटतं की मी सगळ्यांना वाईट म्हणते. ते थकलेले आहेत. पण थकलेल्या माणसानं केलेला अन्याय समोरच्याला कमी लागतो असं नाही.

"ही मूळ आहे, हे मी कशावरून धरू?" ते म्हणाले. "हिनंही कुठून तरी उचललं असेल. मला आता कोणाचंच खरं वाटत नाही. परवा एक जण आला, जन्मापासून फ्लॅटमध्ये वाढलेला. लिफ्टची बिल्डिंग. त्याच्याही दारात ओढा."

"खेकडे चौथ्या मजल्यावर चढले असतील," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "मी वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, हो, खेकडे बघत बसायचा."

"आणि तुम्ही चिठ्ठी दिलीत."

"सुरुवातीला आलेल्या काही जणांना दिली. गोष्ट खरी वाटली. कारण ती खरी होती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यांच्यातलं कोणीतरी, नाहीतर एखाद्याचा बाप, येऊन म्हणू दे की हे आमचं नाही. नाव कुठं जाणार नाही, मी शब्द देतो. औषध फक्त बंद करीन. पण एकजण तरी म्हणू दे. तोवर मी या मुलीच्या चिठ्ठीवर सही करू शकत नाही. तिला मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्यांसाठी पाठवतो."

तिथंही गेलो. नंबर लागायला बरेच दिवस लागले. तोवर गोळी नाही. एके दिवशी वॉर्डात प्रमिलानं एका आजोबांच्या इंजेक्शनची सिरिंज भरली, आणि आपण हे आधी दिलंय की नाही हे तिला आठवेना. दिलं होतं. तिनं दुसऱ्यांदा टोचलं नाही. सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि सिस्टरांकडे जाऊन म्हणाली, "मला वॉर्डातून काढा." सिस्टरांनी तिला चादरी मोजायच्या खोलीत पाठवलं. कॉलेजनं सांगितलं, उपचार चालू असल्याचा कागद आण, मगच वॉर्डातलं काम, आणि वॉर्डाशिवाय परीक्षा नाही. एवढंच पणाला लागलं आहे या सगळ्यात. एका मुलीचं नर्स होणं.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, नीट बोलले. प्रमिला त्यांच्यासमोर बसली ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून, मान गळ्यातून सळई घातल्यासारखी ताठ. तिनं मागे बघितलं नाही, बोटं हलवली नाहीत, प्रत्येक प्रश्नाला एका वाक्यात उत्तर दिलं. त्यांनी लिहिलं, अस्वस्थता दिसली नाही, औषधाची गरज नाही.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. ओरडायला नको होतं, पण ओरडले. "असं का बसलीस?"

"तशी बसले असते तर म्हणले असते नक्कल करती."

"पण तू तशीच आहेस ना?"

"व्हते. आता आरशात मान वळली का मला तो बाइकवरचा पोरगा दिसतो. तुम्ही सांगितला ना, शेडमधला. ताई, आता मला कळत नाही माझी मान कोणती."

दसऱ्यानंतर मी हर्षलला शोधत कॉलेज रोडजवळच्या एका अभ्यासिकेत गेले. दुपारची वेळ. अभ्यासिका म्हणजे एक लांबट हॉल, लाकडी कप्पे पाडलेले, प्रत्येक कप्प्यात एक दिवा, एक डोकं. बाहेर ऊन होतं, आत सगळे पडदे ओढलेले. मी दारात उभी असताना कोणाच्या तरी कप्प्यावरून स्टीलचा डबा खाली पडला. झाकण घरंगळत पार भिंतीपर्यंत गेलं, भाजी फरशीवर सांडली. एकाही डोक्यानं वर बघितलं नाही. ज्याचा डबा होता त्यानंही नाही.

तो हर्षल होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याला कळलं. शर्टाआडून त्याची छाती उडताना दिसत होती. समोरच्या वहीत त्यानं एकच पान पुन्हा पुन्हा उतरवलं होतं. अक्षर सुंदर, एक खाडाखोड नाही. पान पहिल्या धड्याचं.

"हर्षल, तू डॉक्टरांकडं जाऊन सांग."

"ताई, सबमिशन आहे."

"त्या मुलीचं वर्ष जाईल."

"सबमिशन झालं की सांगतो," तो म्हणाला, आणि पुन्हा लिहायला लागला. त्याचे डोळे कोरडे होते, पापणी लवत नव्हती. मी डबा उचलून कप्प्यावर ठेवला. त्याच आठवड्यात तो अभ्यासिकेच्या जिन्यात कोसळला. पोरांनी रिक्षात घालून नेला, मग वडील येऊन सटाण्याला घेऊन गेले.

दिवाळीच्या आधी मी सटाण्याची गाडी पकडली. घर गावाबाहेर, मळ्यात. हर्षलचे वडील कांदाचाळीत सडका कांदा वेगळा काढत होते. मला बघून त्यांनी हात पुसले, "या ताई, चहा ठेवायला सांगतो" म्हणाले. मी जे बोलायला गेले होते ते सरळ बोलले. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा तुम्ही खोटं सांगितलंत. ते खोटं होतं एवढं त्यांना सांगा. तुमच्या पोराला काही होणार नाही.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"खोटं कुठलं?" ते म्हणाले. "बसायचा ना तो. आरम नदीच्या काठाला. मोठाले खेकडे असायचे तेव्हा, आता कुठं राहिलेत. काळे काळे. मी हाका मारायचो, पोरगं ढिम्म."

"तुम्हाला पोरानं असं सांगायला सांगितलं होतं ना, काका?"

"सांगितलं होतं, हो," ते म्हणाले. "पण सांगता सांगता आठवलं. एकाची तर नांगी तुटलेली होती."

नांगी क्लिपमध्ये नव्हती. मी ती क्लिप खूप वेळा बघितली आहे. प्रमिलानं ती मला जिन्यात सांगितली होती, कॉलेजच्या भाषणात नाही. मी आजवर या एका गोष्टीचा अर्थ लावू शकलेले नाही आणि लावणार नाही. आम्ही पत्रकं वाटणारी माणसं आहोत, भुताखेतांवर लिहीत नाही. कापलेल्या, तुटलेल्या नांगीचा खेकडा कुठल्याही नदीत असतो, असं अनिकेत म्हणतो. असेल.

चहा घेऊन हर्षलची आई आली. ती दारातूनच ऐकत होती.

"काय सांगतात हो?" ती नवऱ्याला म्हणाली. "तो कधी एकला नदीवर गया नही. त्याले पान्याचं भ्याव शे. दहावीपर्यंत मना पदर सोडत नव्हता."

"तुला आठवत नाही," वडील म्हणाले.

"माले आठवत नही? मी त्याले जन्म दिधा, का तुम्ही?"

"बरं, बरं. गप आता, पाहुणे आहेत."

तिनं चहा माझ्यापुढे ठेवला. मला म्हणाली, "ये, दाखाडते."

आतल्या खोलीत हर्षल खिडकीजवळ बसला होता. गोळी बंद झाली होती, रंग बरा होता. माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. "ताई, कशा आहात?" आम्ही साध्या गोष्टी बोललो, अनिकेतबद्दल, गेटबद्दल. मग मी प्रमिलाबद्दल बोलले. त्यानं ऐकून घेतलं. "सांगायला पाहिजे," म्हणाला. "पण ताई, मला खरंच आठवतं ते. मला माहितीय की पाठ केलंय. तरी आठवतं. मग मी डॉक्टरांना काय सांगू?"

बोलता बोलता तो थांबला आणि त्यानं डाव्या खांद्यावरून मागे बघितलं.

"दिवसभर असाच बघस," आई हळूच म्हणाली. "कोन बलावस त्याले, देव जाणे. मी तर आठेच उभी राहस, समोर."

निघताना तिनं माझ्याकडून डॉक्टरांचा नंबर मागून घेतला. नवरा चाळीकडे गेलेला बघून मोबाइलमध्ये घालून घेतला. वर्ष होत आलं. तिचा फोन डॉक्टरांकडे आलेला नाही. मी दर महिन्याला विचारते. डॉक्टर आता माझा चेहरा बघूनच मान हलवतात.

प्रमिलाचं एक वर्ष गेलं. ती पाड्यावर आहे, अंगणवाडीच्या ताईंना मदत करते, विसरते, शिव्या खाते. कॉलेजनं तिची जागा या सत्रापुरती राखून ठेवली आहे. त्यानंतर नाव कमी करणार. गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेले, तिनं ओढा दाखवला. बारीक पाणी, काळे दगड. मी खाली वाकून बघत होते. ती मात्र पाठमोरी उभी होती, हात मागे बांधून. म्हणाली, "तुम्ही बघा. मी नाय बघत आता."

हा अंक सटाण्याला जातो, देवळ्याला जातो, येवल्याला जातो, नाशिकच्या फ्लॅटांत जातो. म्हणून मी आता तुमच्याशी बोलते आहे, ज्यांना नाशिकहून एका डॉक्टरांचा फोन आला होता. तुम्ही कोण आहात ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही कांद्याच्या लिलावात होतात, हातमागावर होतात, ऑफिसच्या मीटिंगमधून बाहेर आला होतात. पोरानं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, आणि पोराच्या भल्यासाठी तुम्ही "हो, बसायचा" म्हणालात. तुम्हाला वाटलं त्यानं कोणाचं काय जातं. जिचं गेलं तिचं नाव मी लिहिलं आहे.

आज सुट्टी आहे, घरीच आहात. कॉल लॉगमध्ये तो नंबर नसेल तर पोराकडून घ्या, तो देईल. डॉक्टरांना फोन लावा आणि सांगा की माझं मूल असं नव्हतं. स्वतःचं नाव सांगायची गरज नाही, पोराचं तेवढं सांगा. फोन ठेवलात की पोराला समोर बसवा आणि ते लहानपणी खरंच कसं होतं ते त्याला सांगा. कशाला भ्यायचं, काय खायचं, कोणाचा हात धरून चालायचं. तुम्हालाच ते नीट आठवेनासं होण्याच्या आत सांगा.